सबमरिनर घ्यावं की सीमास्टर?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पाण्यात चालणाऱ्या महागड्या मेकॅनिकल घड्याळांबद्दलची आहेत. जालन्याच्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण इतरांच्या निम्म्या शंका त्यातच येऊन जातात.

प्रश्न : मी जालन्यात एका स्टील कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. इंडक्शन फर्नेस, भंगार उचलणारा क्रेनचा मॅग्नेट, मोठ्या मोटारी यांच्यातच दिवस जातो. मुलीचं शिक्षण मार्गी लागलं आहे. आता स्वतःसाठी एकच, पण आयुष्यभर पुरेल असं घड्याळ घ्यायचं आहे. रोलेक्स सबमरिनर (तारीख नसलेलं) आणि ओमेगा सीमास्टर डायव्हर ३०० एम या दोघांवर येऊन अडलो आहे. मनगट पावणेसात इंच. शेतातल्या विहिरीत पोहतो आणि दिवाळीनंतर तारकर्लीला स्कूबा शिकायचा विचार आहे. सध्याचं ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जातं. घड्याळवाला म्हणतो, मशीनच तसं आहे. काय करावं?

– एक वाचक, जालना

उत्तर : तुम्ही सीमास्टर घ्या. याचं कारण पाण्यात नाही, तुमच्या कारखान्यात आहे.

मेकॅनिकल घड्याळाचा खरा शत्रू चुंबक. घड्याळाचा वेग बॅलन्स चक्रावरच्या हेअरस्प्रिंगने ठरतो. ही केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि चक्र लवकर लवकर हेलकावे घेऊ लागतं. म्हणून घड्याळ पुढे पळतं, तेही काही सेकंदांनी नव्हे तर मिनिटांनी. तुमच्या जुन्या घड्याळाचं दुखणं बहुधा हेच आहे. मशीन खराब असायची गरज नाही.

खात्री घरीच करता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी सुईची छोटी होकायंत्र-डबी टेबलावर ठेवा आणि घड्याळ तिच्याजवळून हळूहळू फिरवा. सुई घड्याळाच्या मागे वळली किंवा चक्राच्या ठोक्याबरोबर थरथरली, तर घड्याळ चुंबकलेलं आहे. उतारा सोपा आहे. डिमॅग्नेटायझरची छोटी पेटी काही शे रुपयांत मिळते. घड्याळ तिच्यावर ठेवा, बटण दाबा आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलत हातभर लांब न्या. मगच बटण सोडा. पुष्कळजण घड्याळ पेटीवर असतानाच बटण सोडतात आणि त्यामुळे ते पुन्हा चुंबकतं. दोन-तीनदा करा आणि पुढचे २४ तास वेळ तपासा. त्यानंतरही मिनिटांनी पुढे जात असेल, तर वेढे तेलाने चिकटले असावेत किंवा स्प्रिंग वाकली असावी. मग मात्र घड्याळ उघडावं लागेल.

आता तुमच्या दोन घड्याळांकडे येऊ. सध्याच्या सीमास्टर डायव्हरमध्ये कॅलिबर ८८०० मशीन आहे. त्याची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे आणि स्वित्झर्लंडच्या मेटास संस्थेच्या चाचणीत हे घड्याळ १५,००० गॉसच्या (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात चालतं ठेवून तपासलेलं असतं. १५,००० गॉस म्हणजे १.५ टेस्ला, दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआय मशीनइतकं क्षेत्र. तुलनेसाठी सांगायचं तर डायव्हिंगच्या घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मानकात चुंबकाची अट ४,८०० अँपिअर प्रतिमीटर, म्हणजे जेमतेम ६० गॉसची आहे. सबमरिनरचं कॅलिबर ३२३० याबाबत मागासलेलं नाही. त्याची निळी पॅराक्रोम हेअरस्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची आहे, एस्केपमेंट (चक्राला ठोक्या-ठोक्याने गती देणारा भाग) निकेल-फॉस्फरसचं आहे. घरातले स्पीकर, मोबाईलची कव्हरं, लॅपटॉप यांना ते दाद देत नाही. पण सबमरिनरसाठी कंपनी गॉसचा आकडा देत नाही. रोज लिफ्टिंग मॅग्नेटच्या आसपास वावरणाऱ्याने आकडा दिलेलं घड्याळ घ्यावं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. घड्याळ चुंबकाला दाद देत नाही म्हणजे तुमचा हात सुरक्षित झाला असं नाही. फर्नेसच्या कॉइलजवळ जाताना आणि चालू पॅनलमध्ये हात घालताना स्टीलच्या पट्ट्याचं कोणतंही घड्याळ काढून ठेवा. पट्टा म्हणजे मनगटाभोवतीचं बंद कडं. बदलत्या क्षेत्रात त्यात करंट निर्माण होतो आणि ते तापतं. पॅनलमध्ये तर ते थेट शॉर्ट करतं. हे तुम्हाला ठाऊक असणारच, तरी पाच-सात लाखांच्या वरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायला माणूस कचरतो, म्हणून लिहिलं.

पाण्याचा मुद्दा लवकर संपतो. दोन्ही घड्याळं ३०० मीटरची आहेत. स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. तारकर्लीत तुम्हाला वेळ आणि खोली डाइव्ह कॉम्प्युटरवरच बघायला शिकवतील. घड्याळ जोडीला असतं. उतरताना बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कडीवरचा, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे किती मिनिटं पाण्याखाली गेली ते सरळ वाचता येतं. बेझल एकाच दिशेला फिरतं ते मुद्दाम. धक्का लागून ते सरकलंच, तर गेलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते आणि माणूस लवकर वर येतो. उलट सरकलं असतं तर हवा संपेपर्यंत खालीच राहिला असता. बेझल पकडायला मात्र रोलेक्स सरस. त्याच्या कडेचे दात ओल्या बोटांना धरतात. ओमेगाच्या बेझलच्या कडा लाटेसारख्या गोलसर आहेत, दिसायला छान, पण ओल्या हातात निसटतात.

मनगटाचा मुद्दा मोठा आहे आणि तो दुकानात जाऊनच सुटतो. पावणेसात इंच म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर. रोलेक्सचा व्यास ४१ मिमी, ओमेगाचा ४२. हा एक मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही. बघायचं असतं ते पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या शिंगांच्या टोकापासून खालच्या शिंगांच्या टोकापर्यंतचं अंतर. सबमरिनरचं ते ४८ मिमीच्या आसपास आहे, सीमास्टरचं ५० च्या आसपास. जाड पुठ्ठ्याची ५० मिमी लांबीची पट्टी कापा, घड्याळ घालता तिथे मनगटावर आडवी ठेवा आणि हात सरळ धरून आरशात बघा. पट्टीची टोकं मनगटाच्या सपाट भागाबाहेर लटकत नसतील, तर दोन्ही घड्याळं बसतील. जाडीतही फरक आहे. सीमास्टर साडेतेरा मिमीच्या पुढे जातं, सबमरिनर साडेबाराच्या आत-बाहेर राहतं. पूर्ण बाह्यांच्या शर्टाच्या कफाखाली सबमरिनर सहज सरकतं, सीमास्टर अडतं.

पट्ट्याच्या बाबतीत रोलेक्स निर्विवाद पुढे आहे, आणि आपल्या भागात हे विशेष जाणवतं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना मनगट सकाळी एका मापाचं, दुपारी दुसऱ्या आणि रात्री कूलरसमोर तिसऱ्याच मापाचं असतं. सबमरिनरच्या ग्लाइडलॉक बकलमध्ये हत्याराशिवाय, सुमारे २ मिमीच्या टप्प्यांनी, एकूण २० मिमीपर्यंत पट्टा सैल-घट्ट करता येतो. ओमेगाच्या बकलमध्येही आतलं बटण दाबून थोडी लांबी बदलता येते. शिवाय डायव्हिंगच्या रबरी पोषाखावरून (वेटसूटवरून) बांधण्यासाठी वेगळी उलगडणारी कडी आहे. तरी रोलेक्सची सोय जास्त हाताशी आहे. सीमास्टर घेतलंत तर शोरूममधूनच कड्या अशा काढून घ्या, की मधल्या खाचेत असताना पट्ट्याखालून करंगळीचं टोक जाईल. मग उन्हाळ्यात एक-दोन खाचा सैल आणि हिवाळ्यात एक घट्ट, एवढ्यावर वर्ष निभतं. काढलेल्या कड्या मोजून डब्यात टाकून घ्या. नंतर एकेक कडी विकत घ्यायची म्हणजे किंमत ऐकून घाम फुटतो.

मशीनचा फरक आठवड्याच्या सुट्टीला कळतो. शुक्रवारी रात्री ८ ला घड्याळ काढून कपाटात ठेवलं, तर पूर्ण चावी दिल्यावर ५५ तास चालणारं सीमास्टर सोमवारी पहाटे ३ च्या सुमारास थांबेल. ७० तासांचं सबमरिनर संध्याकाळी ६ पर्यंत चालेल. वेळेच्या अचूकतेतही रोलेक्सची मर्यादा आवळ आहे : दिवसाला दोन सेकंद पुढे किंवा मागे, म्हणजे महिन्याला फार तर एक मिनिट. ओमेगाची मेटास मर्यादा शून्य ते पाच सेकंद, आणि तीही पुढेच. महिन्याला अडीच मिनिटांपर्यंत पुढे गेलं तरी ते नियमात बसतं. आपलं मत विचाराल तर मागे न पडणारं घड्याळ रोजच्या वापराला बरं. सेकंदकाटा थांबवून, मोबाईलशी जुळवून, पंधरा दिवसांतून एकदा वेळ लावली की झालं. दोन्हींना चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो.

सीमास्टरच्या विरोधात जाणारी गोष्टही सांगायला हवी. त्याचं को-ॲक्सियल एस्केपमेंट साध्या स्विस लिव्हरपेक्षा वेगळं आहे. त्याला तेल कुठे आणि किती लावायचं हे शिकलेल्यालाच कळतं आणि सुटे भाग बाहेर सहजी मिळत नाहीत. जालना-संभाजीनगरच्या चांगल्यात चांगल्या कारागिराकडेही ते उघडायला देऊ नका. रोलेक्सही देऊ नका, पण तिथे धोका थोडा कमी. ओमेगाची शिफारस दर ५ ते ८ वर्षांनी सर्व्हिसिंगची, रोलेक्सची साधारण १० वर्षांनी. वॉरंटी दोन्हींची ५ वर्षं. दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याची फेरी आणि काही आठवडे घड्याळाविना राहणं धरूनच चाला.

उरला प्रश्न मिळण्याचा. सीमास्टर अधिकृत दुकानात बहुतेक वेळा समोर ठेवलेलं असतं, हातात घालून बघता येतं, त्याच दिवशी घरी आणता येतं. सबमरिनरसाठी नाव नोंदवून थांबावं लागतं आणि किती थांबायचं हे कुणी लिहून देत नाही. घाई करणारे मग बाजारातून, छापील किमतीपेक्षा जास्त देऊन घेतात. तसं करू नका. पुढे विकायची वेळ आली तर सबमरिनरची किंमत सीमास्टरपेक्षा जास्त टिकते हे खरं आहे. तुमचं पत्र मात्र विकण्याच्या विचाराने लिहिलेलं दिसत नाही.

तुमच्याच मनगटाच्या, पण बँकेत किंवा महाविद्यालयात काम करणाऱ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या आणि थांबायची तयारी असणाऱ्या माणसाने हेच विचारलं असतं, तर उत्तर सबमरिनर असतं.

पैशांचं थोडक्यात. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला रोखीत घेता येत नाही. पॅन कार्ड लागेल. घड्याळ १० लाखांच्या वरचं असेल, तर २०२५ च्या एप्रिलपासून दुकानदार १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा प्राप्तिकर) वेगळा घेतो. तो विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपा.

प्रश्न : सीमास्टरला डाव्या बाजूला दहाच्या आकड्याजवळ दुसरी चावी असते ती कशाची? ती नसलेलं घड्याळ घेतलं तर पाण्यात धोका आहे का?

– एक वाचक, हिंगोली

उत्तर : ती हेलियम बाहेर सोडण्याची झडप आहे. समुद्राखाली तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक पाणबुडे कित्येक दिवस दाबाच्या खोलीत हेलियममिश्रित हवेत राहतात. हेलियमचे अणू इतके लहान, की ते गॅस्केटमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीतून) घड्याळात शिरतात. वर येताना खोलीतला दाब उतरतो तितक्या वेगाने ते बाहेर पडत नाहीत आणि आतल्या दाबाने काच उडू शकते. ही अडचण पाण्यात येत नाही, खोलीत येते. हौशी डायव्हरला, विहिरीत पोहणाऱ्याला या झडपेचा काडीचा उपयोग नाही. सबमरिनरला ती नाहीच. असली तर बंद ठेवा आणि विसरून जा.

प्रश्न : माझं २०० मीटरचं स्विस ऑटोमॅटिक आहे, दहा वर्षं जुनं. एप्रिलमध्ये भर दुपारी मळ्यातल्या विहिरीत काठावरून उडी मारली. बाहेर आलो तर काचेच्या आतून वाफ धरलेली, अर्ध्या तासात गेली. आता दर वेळी असंच होतं. मित्र म्हणतो, उडीच्या दणक्याने २०० मीटरची हद्द ओलांडली. तांदळात ठेवून बघितलं, फरक नाही.

– एक वाचक, परभणी

उत्तर : मित्राचं म्हणणं बरोबर नाही. जितक्या उंचीवरून उडी मारता, साधारण तितक्याच मीटर पाण्याच्या दाबाची भर पडते. १० मीटर उंच काठावरून मारली, तरी भर १० मीटरच्या आसपास. पोहताना हात कितीही जोरात मारला तरी एक-दीड मीटरच्या वर जात नाही. २०० मीटरच्या घड्याळाला हे काहीच नाही. पाणी शिरलं आहे ते दुसऱ्या वाटेने.

उन्हात घड्याळ ४५ अंशांपर्यंत तापलं, आतली हवा फुगली, मग एकदम विहिरीच्या गार पाण्यात गेलं. आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ बसते. गॅस्केट ताजी असेल तर ती हे सहज सोसते. आयएसओ ६४२५ मध्ये घड्याळ ४० अंश, ५ अंश, पुन्हा ४० अंश अशा पाण्यात दहा-दहा मिनिटं बुडवण्याची चाचणीच आहे. पण दहा वर्षांत न बदललेली रबरी गॅस्केट चपटी आणि कडक झालेली असते, आणि नेमकी अशा वेळी दगा देते. दुसरी शक्यता चावीची : ती शेवटपर्यंत आवळलेली नव्हती, किंवा तिच्या नळीतली गॅस्केट घासली गेली आहे. चावी रोज उघडणाऱ्यांची हीच आधी जाते.

तांदूळ बंद घड्याळातली वाफ ओढत नाही. उन्हात किंवा ड्रायरसमोरही ठेवू नका. तेल पातळ होऊन पसरतं आणि वाफ डायलच्या मागे जाऊन काटे, स्क्रू गंजवते. वाफ दिसेनाशी झाली म्हणजे पाणी गेलं असं नाही. काच गरम झाली म्हणून ते आत दुसरीकडे बसलं, इतकंच. याच आठवड्यात घड्याळ उघडून वाळवून घ्या. विहिरीऐवजी समुद्राचं पाणी असतं तर त्याच दिवशी म्हटलं असतं.

कारागिराला तीन गॅस्केट बदलायला सांगा : मागच्या झाकणाची, चावी-नळीची आणि काचेची. नवी गॅस्केट सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन बसवायची. ग्रीस थापलं की त्यात धूळ बसते. नंतर दाबाची चाचणी करून घ्या. चांगल्या दुकानात कोरडी चाचणी असते : हवेचा दाब दिला की घड्याळाची काच किंचित दबते, गळती असेल तर दबत नाही, आणि यंत्र ते मोजतं. ओली चाचणी असेल तर समोर उभं राहून बघा. भांड्यात पाण्याच्या वर घड्याळ टांगून हवेचा दाब देतात, काही मिनिटांनी ते पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. एकाच जागेहून बुडबुड्यांची सलग माळ सुटली की गळती तिथे. त्या क्षणी घड्याळ पाण्यातून वर काढलं पाहिजे. दाब पूर्ण उतरेपर्यंत आत ठेवलं तर पाणी त्याच भोकातून आत जातं.

यापुढे दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी एकदा चाचणी करा आणि भर उन्हातून आल्यावर घड्याळ पाच मिनिटं सावलीत ठेवून मग पाण्यात उतरा.

प्रश्न : मिस्टरांच्या पन्नाशीला ट्यूडर द्यायचं आहे. ब्लॅक बे फिफ्टी-एट की पेलागोस ३९? त्यांचं मनगट बारीक, साडेसहा इंच. उन्हाळ्यात स्टीलच्या पट्ट्याखाली पुरळ येतं.

– एक वाचक, लातूर

उत्तर : पुरळ येत असेल तर पेलागोस ३९ घ्या. ते ग्रेड २ टायटॅनियमचं आहे. स्टीलमध्ये निकेल असतं आणि घाम साचून राहिला की ज्यांना निकेल सोसत नाही त्यांची कातडी उठते. टायटॅनियमने तो प्रश्न मिटतो आणि वजनही बरंच कमी होतं. दोन्ही घड्याळं ३९ मिमीची, दोन्ही २०० मीटरची, त्यामुळे मनगटावर बसण्यात फरक नाही. पेलागोसच्या बकलला हत्याराशिवाय सैल-घट्ट करायची सोय आहे. २०१८ च्या फिफ्टी-एटच्या मूळ रिव्हेटच्या पट्ट्याला ती नाही, तिथे छिद्रात टाचणी घालून पिन सरकवावी लागते.

तोटा एकच : टायटॅनियमवर ओरखडे लवकर उठतात. अंगठी शेजारी लागली तरी उमटतात. वस्तू नवी-नवी दिसावी असा त्यांचा आग्रह असेल तर त्यांना ते सलत राहील. आधी एक गोष्ट करून बघा. सध्याचा पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने, विशेषतः कड्यांच्या सांध्यांत, आठवड्यातून एकदा धुवा आणि महिनाभर थांबा. पुष्कळदा पुरळ निकेलने नव्हे, सांध्यांत अडकलेल्या घाम-साबणाच्या काळ्या लगद्याने येतं. ते गेलं तर फिफ्टी-एट घ्यायला हरकत नाही, दिसायला ते जास्त देखणं आहे.

प्रश्न : डायव्हर घड्याळाचं बेझल फिरेनासं झालं आहे. घरी बोअरचं पाणी. जोर लावला तर तुटेल का?

– एक वाचक, धाराशिव

उत्तर : जोर लावू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि धूळ बेझलखाली घट्ट बसली आहे. चावी आवळली आहे याची खात्री करा. घड्याळ कोमट, हाताला सोसेल त्यापेक्षा गरम नको, अशा पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पंधरा मिनिटं बुडवा. मऊ टूथब्रशने बेझल आणि घड्याळाचं धातूचं कवच यांच्या फटीत गोल घासा आणि पाण्यातच ठेवून चार बोटांनी सगळीकडून सारख्या दाबाने फिरवा. पहिल्यांदा अर्धी टिक सरकली तरी पुरे, पुन्हा बुडवा. तीन-चार वेळात मोकळं होतं. शेवटी फिल्टरच्या पाण्याने धुवा, नाहीतर तेच क्षार पुन्हा बसतील. व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नका, ॲल्युमिनियमच्या बेझलचा रंग उडतो. चाकूने उचकटून काढायला तर कुणालाही देऊ नका. खाली बारीक क्लिक स्प्रिंग असते, ती उडाली की सापडत नाही, आणि सिरॅमिकची कडी एका बाजूने उचलली की तडकते.

प्रश्न : संभाजीनगरमध्ये ओळखीतून जुनं सीमास्टर डायव्हर मिळतंय, २०२० चं, डबा-कार्डासकट. घेण्यापूर्वी काय तपासावं?

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कार्डावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. एक आकडा जरी वेगळा असला तरी व्यवहार थांबवा. मागची काच पारदर्शक असल्याने मशीन उघडल्याशिवाय दिसतं. रोटरवरची (हात हलला की फिरून चावी देणाऱ्या अर्धगोल वजनावरची) कोरीव अक्षरं भिंगातून धारदार आणि एकसारखी दिसली पाहिजेत. डायलवरच्या लाटा सिरॅमिकमध्ये लेसरने कोरलेल्या असतात. नकली डायलवर त्या छापल्यासारख्या सपाट किंवा कडेला पुसट वाटतात. शिंगांच्या कडा बघा : पॉलिश आणि ब्रश केलेल्या भागांमधली रेघ सुरीसारखी स्पष्ट असावी. गोल झाली असेल तर घड्याळ घासून चमकवलेलं आहे. त्याने पाण्याला धोका नाही, पण किंमत उतरवून मागा.

मग टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळाचा वेग मोजणारं यंत्र) असलेल्या कारागिराकडे न्या. पूर्ण चावी देऊन, डायल वर करून अर्धा तास ठेवल्यावर मोजायला सांगा. इथे एक चूक हमखास होते : टाइमग्राफर सवयीने ५२ अंशांच्या लिफ्ट अँगलवर (ठोका बसताना चक्र जेवढं फिरतं तो कोन) ठेवलेला असतो. को-ॲक्सियलसाठी तो ३८ करावा लागतो, नाहीतर ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे चक्राच्या हेलकाव्याच्या आवाक्याचा, आकडा भलताच येतो आणि चांगलं घड्याळ नाकारलं जातं किंवा दमलेलं घेतलं जातं. ठोके तासाला २५,२०० दाखवले पाहिजेत. तिथे २१,६०० किंवा २८,८०० आलं तर आत दुसरंच मशीन आहे, कार्ड काहीही म्हणो. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) ०.५ मिलिसेकंदाच्या आत असावा आणि दिवसाचा वेग शून्य ते पाचच्या जवळपास. डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन अवस्थांत मोजून घ्या. तिन्हींत दहा सेकंदांहून जास्त फरक असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

पाण्याची चाचणी पैसे देण्याआधी करा. आणि तारीख पुढे-मागे करून बघताना रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात काटे असतील, तर आधी ते सहावर आणा, नाहीतर तारखेचे दाते अडकलेले असताना जोर पडून ते मोडतात. विक्रेत्यासमोर मोडले तर ते आधीच मोडलेले होते की नाही, याचा वाद कधी मिटत नाही.